दोन उद्गारचिन्हांचा हिशेब

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या बोलण्यात हल्ली "आज मला दोन ब्रिलियंट मिळाल्या" असं सर्रास येतं. आमच्या संपादकांच्या घरी असाच एक खेळाडू आहे. डाव हरला तरी ब्रिलियंट मिळाली की स्वारी खुशीत जेवायला बसते म्हणे. "या पदव्या वाटतं कोण, ते जरा बघ," असं त्यांनी सांगितलं आणि मी त्या हिशेबात ठरवलं होतं त्यापेक्षा खोल रुतलो.

पदव्या वाटतं यंत्र. चेस डॉट कॉमवर डाव संपला की 'गेम रिव्ह्यू' उघडायचा. बघता बघता प्रत्येक चालीला शेरा चिकटतो: बेस्ट, एक्सलंट, गुड, पुढे घसरत घसरत मिस्टेक आणि ब्लंडर. सगळ्यांच्या वर फिरोजी वर्तुळातली दोन उद्गारचिन्हं, म्हणजे ब्रिलियंट. चिन्हं जुनीच आहेत, पण पूर्वी ती माणसं देत. बेलग्रेडच्या 'चेस इन्फॉर्मेटर'ने १९६६पासून अशा खुणांतच सगळं समालोचन छापलं, म्हणजे कुठल्याही भाषेच्या वाचकाला डाव समजावा. त्याच्याही आधी, १८७६मध्ये, न्यूयॉर्कच्या स्पर्धेत हेन्री बर्डला जेम्स मेसनविरुद्धच्या डावासाठी देखण्या खेळाचं बक्षीस मिळालं होतं. परीक्षक माणूस असला की त्याच्याशी भांडता तरी येतं.

यंत्राशी भांडायचं तर आधी त्याची आकडेमोड समजून घ्यायला हवी. अशा परीक्षणासाठी वापरलं जाणारं सर्वांत प्रसिद्ध इंजिन म्हणजे स्टॉकफिश. टॉर्ड रोमस्टाड, मार्को कोस्टाल्बा आणि योना किस्की यांनी २००८मध्ये ते उभं केलं, आणि पुढे जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी ते फुकटात घासूनपुसून लखलखीत केलं. २०२०मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क बसलं. कुठलीही स्थिती दिली की ते एक आकडा सांगतं. अधिक एक म्हणजे ढोबळमानाने पांढऱ्याकडे एका प्याद्याची आघाडी, उणे तीन म्हणजे काळ्याकडे एका उंटाएवढी.

पण नुसत्या आकड्यावरून शेरा देता येत नाही. लिचेस या खुल्या संकेतस्थळाने आपलं सूत्र जाहीर ठेवलं आहे, म्हणून मी ते वहीवर सोडवून पाहिलं. बरोबरीच्या डावात पांढऱ्याने उंट घालवला, शून्याचे उणे तीन झाले, तर त्याची जिंकण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवरून पंचविसावर येते. ही घोडचूक. तोच पांढरा अधिक नऊवर असताना तीन प्याद्यांएवढं घालवून अधिक सहावर आला, तर शक्यता सुमारे साडेशहाण्णवावरून नव्वदीवर येते, म्हणजे जेमतेम साडेसहा टक्क्यांचं नुकसान. उधळपट्टी तेवढीच, पण श्रीमंताला ती जाणवत नाही. खऱ्या माणसांच्या डावांवरून काढलेली ही वक्ररेषा मला फार शहाणी वाटली. चेस डॉट कॉमचीही रीत अशीच आहे. शून्य ते एक या पट्टीवर अपेक्षित गुण मोजायचे, तेही खेळाडूचं रेटिंग पाहून. एका चालीत ०.२० किंवा जास्त गमावले की ब्लंडर, ०.०२च्या आत राहिलात तर एक्सलंट.

आता गंमत बघा. ही सगळी पट्टी नुकसानीची आहे. उत्तमोत्तम चालीचं नुकसान शून्य, आणि शून्याच्या वर पट्टीत जागाच नाही. समोरच्याने मारलेलं प्यादं परत मारण्याची चाल कुणालाही सुचते. तिचंही नुकसान शून्य, आणि शतकातून एकदा सुचणाऱ्या चालीचंही शून्य. स्टॉकफिशला आश्चर्य वाटत नाही. लिचेसने यातून साधी वाट काढली: तिथलं यंत्र चुका दाखवतं, दोन उद्गारचिन्हं आपणहून देतच नाही.

चेस डॉट कॉमला मात्र ती द्यायची होती. तिथली आधीची पद्धत बरीच गुंतागुंतीची होती. ती मोडीत काढून त्यांनी सुटसुटीत व्याख्या केली: मोहऱ्याचं योग्य बलिदान म्हणजे ब्रिलियंट. सोबत दोन अटी. त्या चालीनंतर तुमची स्थिती वाईट नसावी, आणि ती चाल न खेळताही तुम्ही आरामात जिंकणार होता असं नसावं. शिवाय नवख्यांना थोडी सवलत, हे ते स्वतःच सांगतात.

ही व्याख्या कुठे चपखल बसते ते पाहायला मी १९९८च्या लिनारेस स्पर्धेतला टोपालोव–शिरोव हा डाव मांडला. शिरोव काळ्याकडून खेळतोय. दोघांकडे एकेक उंट, पण विरुद्ध रंगांच्या घरांवरचे. काळ्याची दोन प्यादी जास्त असूनही अशा स्थितीत डाव बहुधा बरोबरीत सुटतो. काळ्या राजाला ई४वर पोचायचंय, आणि वाटेत एफ५वर त्याचाच उंट ठाण मांडून बसलाय. उंट बाजूला घेतला तर तेवढ्यात पांढरा राजा आडवा येतो. सत्तेचाळिसाव्या चालीला शिरोवने तो उंट एच३वर नेऊन ठेवला, सरळ प्याद्याच्या तोंडी. मारला तर काळा राजा एफ५, मग ई४, आणि प्यादी सुटतात. न मारावा तर उंटच जी२चं प्यादं खाणार. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सुचत नव्हती. बलिदान आहे, अचूक आहे, आणि आधी जिंकत असल्याचीही खात्री नाही. नियम इथे शंभर टक्के खरा ठरतो.

मग मी १९९१चा टिलबर्गचा शॉर्ट–टिमन डाव मांडला. पट वजीर-हत्तींनी भरलेला असताना नायजेल शॉर्टने आपला राजा घराबाहेर काढला: एच२, जी३, एफ४, जी५. अशा गर्दीत राजा फिरायला निघत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पुढची धमकी राजा एच६ आणि वजिराने जी७वर मात. राजा जी५वर पोचताच टिमनने डाव सोडला. जगभरच्या पुस्तकांत हा प्रवास छापलाय. नियमाने मात्र त्याला ब्रिलियंट मिळत नाही, कारण काहीच दिलं गेलं नाही. राजाचं बलिदान करता येत नाही.

उलट टोकाचं उदाहरण पुण्यातल्या एका शिकवणीवर्गात मिळालं. रेटिंग आठशेच्या आसपास असलेल्या एका मुलीने टॅब माझ्यापुढे धरला. तिने घोड्याने ई५वरचं प्यादं मारलं होतं आणि मागचा वजीर उघडा टाकला होता. समोरच्याने उंटाने वजीर खाल्ला. मग हिचा उंट एफ७वर, शह. काळा राजा ई७. दुसरा घोडा डी५, मात. घोड्याच्या चालीवर फिरोजी चिन्ह चमकत होतं.

"कसं सुचलं गं?" मी विचारलं.

"सुचलं नाही, काका. सरांनी पाठ करून घेतलंय. लेगालचा सापळा."

सर शेजारीच होते. म्हणाले, "हे तरी पाठ केलेलं आहे. काही जण चुकून घोडा फुकट देतात, यंत्र म्हणतं वा वा, आणि पोरगं महिनाभर घोडे वाटत सुटतं." त्यांच्या वर्गात डाव आधी मुलांनी स्वतः तपासायचा, शेरे नंतर उघडायचे असा दंडक आहे. तो किती पाळला जातो हे विचारल्यावर त्यांनी फक्त हात जोडले. रिव्ह्यू मोफत खात्याला मर्यादित मिळतात, जास्त हवे तर पैसे. शाबासकी विकणाऱ्या दुकानाने मापात सढळ हात ठेवला तर त्यात नवल नाही, पण दहा वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार?

मग चाल सुचायला किती अवघड होती, हेच का मोजू नये? तसे प्रयत्न संशोधकांनी केले आहेत. ल्युब्लियाना विद्यापीठाच्या मातेज गुइड आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६मध्ये जगज्जेत्यांचे डाव क्राफ्टी नावाच्या इंजिनाने तपासले. इंजिन जसजसं खोल जातं तसतसं त्याचं मत किती वेळा आणि किती फिरतं, त्यावरून स्थितीची गुंतागुंत ठरवायची, ही त्यांची युक्ती. कापाब्लांकाची सरासरी चूक सर्वांत कमी निघाली. त्याच्या वाट्याला आलेल्या स्थितीही तुलनेने सोप्या होत्या.

मला त्याहून जास्त पटली ती टोरांटोची वाट. तिथल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या 'माया' या इंजिनाचं काम जिंकायचं नाही, तर माणूस काय खेळेल ते ओळखायचं. ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंच्या लिचेसवरच्या डावांवर ते शिकलं. टोरांटो विद्यापीठातल्याच एका अभ्यासाने २०२४मध्ये, माणसांनी हाताने दिलेली दोन उद्गारचिन्हं गोळा करून, कुठल्या चालीला ती मिळतील हे ओळखायला संगणकाला शिकवलं. सुमारे ७९ टक्के वेळा ते जमलं. निष्कर्ष असा की बलवान इंजिनाचं मत सारखंच असेल, तर जी चाल कमजोर इंजिनाला हलकी वाटते तिला माणसं ब्रिलियंट म्हणण्याची शक्यता जास्त. चाल चांगली असणं पुरेसं नाही, ती वाईट दिसायलाही हवी.

इथे नवी पंचाईत उभी राहते. वाईट दिसायला हवी, पण कुणाला? अकराशेच्या खेळाडूला जी वेडगळ वाटेल ती ग्रँडमास्टरला रोजची. एकच पट्टी लावली तर वरचे उपाशी राहतात, रेटिंगप्रमाणे बदलली तर तीच चाल एकाला ब्रिलियंट आणि दुसऱ्याला नुसती बेस्ट. त्यात तयारीचा भाग आहेच. मोठे खेळाडू घरी इंजिनासमोर बसून बलिदानं शोधतात आणि स्पर्धेत पटावर ठेवतात. नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत ग्रँडमास्टर नाकामुराविरुद्ध अकराव्याच चालीला उंट देऊन डाव जिंकला, तेव्हा बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. असं बलिदान तिथल्या तिथे सुचलं की घरून आणलं, हे चालीवर लिहिलेलं नसतं.

आणि जी शंका शिकवणीवर्गात कुणी मोठ्याने बोलत नाही, ती सगळ्यांत अवघड आहे. खेळणाऱ्याच्या पातळीवर सुचू नये, पण इंजिनाला आवडावी, अशी चाल. ब्रिलियंटचं हे वर्णन लबाडीच्या संशयालाही जसंच्या तसं लागू पडतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो विद्यापीठाचे केनेथ रीगन स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत आणि बुद्धिबळातली लबाडी संख्याशास्त्राने तपासतात. रेटिंगवरून अपेक्षित असलेला खेळ आणि प्रत्यक्षातला खेळ यांची तुलना ते करतात, आणि त्यासाठी अनेक डावांतल्या पुष्कळ चाली लागतात. एका चालीवरून ती पद्धत कुणाला दोषी ठरवत नाही. ऑनलाइन चॅटमध्ये मात्र एका फिरोजी चिन्हावरून "इंजिन लावलंस" म्हणून मोकळं होणारे आता खूप झालेत. त्या सरांच्या वर्गातल्या दोघा मुलांनी तर एवढ्यासाठीच चॅट बंद ठेवलं आहे.