शॉर्टकटची वाहनं गावठाणातून. रोखायचा अधिकार नेमका कुणाचा?

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की ग्रामीण तालुक्यांतल्या कितीतरी गावांत एकच तक्रार सुरू होते. मुख्य रस्ता सोडून जोड ट्रेलरचे उसाचे ट्रॅक्टर, खडी-मुरमाचे डंपर आणि टोल चुकवणारे मालट्रक गावठाणातून घुसतात. एका अंगाला जिल्हा परिषदेची शाळा, दुसऱ्या अंगाला दूध संकलन केंद्र, मधे म्हाताऱ्या माणसांचा पार, आणि रस्ता इतका अरुंद की बैलगाडी आली तरी मोटारसायकलवाल्याला पाय टेकून थांबावं लागतं. अशा रस्त्यावरून रात्री अकरा-बारालाही टेपचा कर्कश आवाज करत ट्रॅक्टर जातात. धूळ घरात, आवाज डोक्यात, आणि सकाळी पोरं शाळेला सोडताना आयांच्या जिवाला घोर.

या वाहनांचं गावात कसलंच काम नसतं. माल गावात उतरवायचा नाही की गावातून भरायचा नाही. चालकाची दहा-पंधरा मिनिटं वाचतात, थोडं डिझेल वाचतं, कुठे टोल वाचतो. जी वाहनं विनापरवाना वाळू-मुरूम वाहतात त्यांना मुख्य रस्त्यावरची तपासणी चुकवायची असते, म्हणून ती मुद्दाम आडमार्गाने येतात.

वैतागून गावकरी मग जे करतात ते बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. रस्त्यावर मुरमाचा ढीग टाकायचा, दगड लावायचे, एखादा सिमेंटचा पाईप आडवा करायचा, नाहीतर रास्ता रोको. दोन दिवस वाहनं थांबतात. तिसऱ्या दिवशी पोलीस येतात आणि गुन्हा गावातल्याच चार तरुणांवर दाखल होतो. सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एखाद्याची वाट बेकायदा अडवली तर कलम १२६ वेगळं लागतं. राग खरा असतो, पण कागद चुकीच्या बाजूला तयार होतो. शिवाय रात्रीच्या अंधारात त्या ढिगावर आपल्याच गावचा मोटारसायकलवाला आदळला तर जबाबदार कोण, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

रस्ता कुणाचा, हे आधी बघा

अर्ज घेऊन तहसीलला गेलं की तिथे सांगतात बांधकामकडे जा, बांधकामवाले म्हणतात जिल्हा परिषदेचा रस्ता आहे. हा फेरा चुकवायचा तर रस्त्याचा दर्जा आधी माहीत पाहिजे. ढोबळमानाने राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे, आणि गाव नगरपंचायत झालं असेल तर नगरपंचायतीचे. महामार्गाला वळण रस्ता झाल्यावर गावातून जाणारा जुना रस्ता कोणाकडे वर्ग झाला, झाला की नाही, हेही तपासावं लागतं. तिथेच जास्त घोळ असतो.

तोंडी उत्तर मिळत नसेल तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करावा. रस्त्याचा क्रमांक, दर्जा, रुंदी, शेवटचं काम कोणत्या योजनेतून झालं आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो, एवढं विचारलं तरी पुरे. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदारावर असते, त्यामुळे तो रस्ता अवजड वाहनांनी उखडत असेल तर ठेकेदार आणि अभियंता दोघांनाही ती गोष्ट लेखी कळवण्यात गावाचा फायदाच आहे.

हा रस्ता त्या वजनासाठी नाही

ग्रामसडकेच्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते, कमी वर्दळीच्या ठिकाणी ३ मीटर. समोरून दुसरं वाहन आलं की ट्रकचं एक चाक साइडपट्टीवर उतरतं आणि डांबराची कड तुटायला सुरुवात होते. कड तुटली की पावसाचं पाणी खाली मुरतं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत रस्ता मधोमध खचतो. नळपाणी योजनेची जलवाहिनी बहुतेक ठिकाणी याच रस्त्याखालून किंवा कडेनं गेलेली असते. ती फुटली की पाणी बंद, आणि दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात.

वजनाचं गणितही साधं नाही. एका आसावरचं, म्हणजे अ‍ॅक्सलवरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, ते सुमारे सोळा पट होतं. रस्ते बांधणारे अभियंते अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेर झालेल्या चाचण्यांपासून हाच हिशोब धरत आले आहेत. म्हणून गावातून दिवसभर गेलेल्या शेकडो मोटारसायकली आणि जीपा जेवढं बिघडवत नाहीत, तेवढं दोन-चार ओव्हरलोड डंपर बिघडवतात. त्यात केंद्र सरकारने २०१८ साली मालवाहनांची कायदेशीर मर्यादाच वाढवली. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर आधी १०.२ टन चालायचं, ते ११.५ टन झालं. ग्रामीण रस्ते मात्र होते तसेच राहिले. समृद्धी महामार्गाचं काम सुरू असताना भराव आणि खडीच्या डंपरनी वाटेवरच्या तालुक्यांतले गावरस्ते कसे उखडले, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

बंदी कोण घालू शकतं?

ग्रामपंचायतीने ठराव करून फलक लावला, ‘अवजड वाहनांना प्रवेश बंद’, तर तो फलक चालकाला विनंती म्हणून ठीक आहे. त्यावर पोलीस दंड करू शकत नाहीत. खरा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्या-पुलाचं स्वरूप बघून एखाद्या रस्त्यावर ठराविक प्रकारच्या वाहनांना बंदी किंवा वेळेचं बंधन घालता येतं. ग्रामीण भागात असे आदेश जिल्हाधिकारी काढतात, सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ चाही आधार घेतला जातो. बंदी एक महिन्यापर्यंतचीच असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. ही तरतूद गावांच्या फार कामाची आहे, कारण आधी महिनाभर प्रायोगिक बंदी मागता येते आणि तिचा परिणाम दाखवून पुढची मागता येते.

आदेश निघाला की कलम ११६ प्रमाणे फलक लागले पाहिजेत. फलक नसेल तर चालक सरळ म्हणतो, दिसलं नाही. केंद्रीय कायद्याच्या कलम १९४ मध्ये कलम ११५ ची बंदी मोडणाऱ्यालाही २० हजार रुपये दंड लिहिला आहे, आणि जादा वजन असेल तर प्रत्येक टनाला २ हजार रुपये वर. प्रत्यक्ष जागेवर घेतलं जाणारं तडजोड शुल्क राज्य ठरवतं. ओव्हरलोडची तक्रार आरटीओच्या वायुवेग पथकाकडे करावी. विनापरवाना गौण खनिज असेल तर ती तहसीलदारांकडे, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली वाहन जप्त करण्याचा अधिकार महसूलकडे आहे. एकाच अर्जात सगळं कोंबलं की तो टेबलाटेबलावर फिरत राहतो.

अर्जाला वजन आकड्यांनी येतं

‘खूप गाड्या जातात’ एवढ्यावर कोणताही अधिकारी हलत नाही. बांधकाम खात्याची स्वतःची वाहतूक गणना सलग सात दिवसांची असते. गावाला सात जमले नाहीत तर निदान तीन दिवस करावी, त्यात एक बाजारचा दिवस धरावा. गावात शिरतानाच्या टोकाला दोन आणि बाहेर पडतानाच्या टोकाला दोन पोरं बसवायची. प्रत्येक मालवाहनाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ वहीत लिहायची. संध्याकाळी दोन्ही वह्या जुळवल्या की आपोआप कळतं. जो ट्रक एका टोकाला शिरला आणि पाच-सात मिनिटांत दुसऱ्या टोकाला निघाला, त्याचं गावात काम नव्हतं. ही एक यादी दहा निवेदनांना भारी पडते. याच यादीवरून कोणत्या वेळेत त्रास जास्त आहे तेही दिसतं, आणि मग चोवीस तासांच्या बंदीऐवजी शाळेच्या वेळा आणि रात्र एवढंच मागता येतं. ते मिळण्याची शक्यता जास्त.

यादी, शाळेचं पत्र, फुटलेल्या पाइपलाइनच्या दुरुस्तीची बिलं आणि ग्रामसभेचा ठराव असा कागद एकत्र करावा. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी. प्रत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरटीओ आणि रस्त्याच्या मालक खात्याला द्यावी. दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो.

आपला ऊस कसा जाणार?

ग्रामसभेत खरा वाद इथे पेटतो. ज्यांचं घर रस्त्याला आहे त्यांना बंदी हवी, ज्यांचा ऊस फडात उभा आहे त्यांना नको. तोड लांबली की वजन घटतं, आणि तोडणी मुकादमाला तर निमित्तच पाहिजे असतं. दोघांचंही खरं आहे. म्हणून मागणी सरसकट बंदीची करू नये. ‘गावात माल भरणारी व उतरवणारी वाहने, एसटी, रुग्णवाहिका, अग्निशमन, दूध आणि पाणी टँकर वगळून’ हे शब्द अर्जात आणि ठरावात असलेच पाहिजेत. ते नसले तर पहिला दंड आपल्याच शिवारातून निघालेल्या ट्रॅक्टरला बसायचा.

बाहेरच्या उसासाठी कारखान्याच्या शेती विभागाशी बोलणं आदेशापेक्षा लवकर फळतं. वाहनांचे करार कारखान्याकडे असतात आणि फडावरच्या चिटबॉयला कोणती गाडी कुठून निघते ते ठाऊक असतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी मार्ग ठरवून घेतला, रात्री गावठाणात टेप बंद आणि ट्रेलरला मागे रिफ्लेक्टर एवढं जरी पाळलं गेलं, तरी निम्मी भांडणं मिटतात.

दुसरं भांडण शेजारच्या गावाशी. आपण रस्ता बंद केला की वाहनं हवेत जात नाहीत, ती पलीकडच्या गावातून जातात. मग तिथला सरपंच हरकत घेतो आणि आदेश लटकतो. आजूबाजूच्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून पर्यायी मार्ग सुचवून अर्ज केला तर अधिकाऱ्याला नाही म्हणायला जागा राहत नाही.

गतिरोधक मागतानाही जरा जपून. गावोगाव जे उंच उंचवटे घातलेत त्यांनी डंपर थांबत नाही, बाळंतपणाला निघालेली बाई मात्र हादरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार सांगितला आहे, आधी सूचना फलक आणि वर रंगाचे पट्टे. लोखंडी कमान लावून उंच वाहनं अडवायची असतील तर तीही रस्त्याच्या मालक खात्याच्या परवानगीनेच. नाहीतर एसटी बंद पडते आणि कॉलेजच्या मुली घरी बसतात.

अलीकडे आणखी एक कारण आलं आहे, ते म्हणजे मोबाइलवरचा नकाशा. परगावचा चालक गावाला ओळखत नाही, फोन जिकडे वळ म्हणतो तिकडे वळतो. बंदीचा आदेश निघाल्यावर त्या अ‍ॅपमध्ये चूक कळवण्याची सोय असते, तिथे फलकाचा फोटो टाकून गावातल्या चार-पाच जणांनी तक्रार नोंदवावी. आणि मुख्य फलक गावाच्या वेशीवर न लावता महामार्गावरून वळायच्या फाट्यावर लावून घ्यावा. गावात शिरलेल्या जोड ट्रेलरला माघारी वळायला जागाच नसते.