ॲम्प्लिफायरचा 'प्रोटेक्ट' दिवा विझत नाही? रिले डायरेक्ट करू नका

बेळगाव : गणपती जवळ आले की मंडळांचे ॲम्प्लिफायर कपाटातून बाहेर निघतात. चालू केल्यावर काही सेकंदांत 'टक्' आवाज होऊन रिले स्पीकर जोडतो. तो आवाज आलाच नाही आणि लाल दिवा तसाच राहिला, तर मशीन प्रोटेक्शनमध्ये गेले असे समजायचे.

आधी मशीन बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा, मग पुन्हा चालू करा. रिले लागला, तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. नाही लागला, तर मेकॅनिककडून रिलेच्या अलीकडचे डीसी व्होल्टेज मोजून घ्या. काही मिलिव्होल्ट चालतात. २०-३० व्होल्ट दिसले, तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. प्रोटेक्शन आपले काम चोख करतेय. व्होल्टेज शून्याजवळ असूनही रिले लागत नसेल, तर संशय प्रोटेक्शन सर्किटवरच : रिलेचा सप्लाय, सुकलेला कपॅसिटर किंवा सुटलेला टाका.

घाईत रिले डायरेक्ट करण्याचा जुगाड महागात पडतो. ३० व्होल्ट डीसी ८ ओहमच्या स्पीकरवर आला, तर शंभर वॉटहून जास्त उष्णता कॉइलमध्ये साचते आणि कॉइल जळते. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही शॉक देऊ शकतात. म्हणून झाकण जाणकारानेच उघडावे.