‘कायमची’ जागा किती वर्षांची?

बातमी तुम्ही वाचली असेलच. इंग्लंडमध्ये दफनाला जागा पुरेना, म्हणून जुनी थडगी पुन्हा वापरायची. इंग्लंड-वेल्सच्या विधी आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे प्रस्ताव चर्चेला ठेवले आणि मृतांच्या शांततेचं काय, हा प्रश्न तिकडे पुन्हा ऐरणीवर आला. वसईच्या, मुंबईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकाला मात्र यात बातमी काय, असंच वाटेल. आपल्याकडे चर्चच्या दफनभूमींत काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात नाहीतर अस्थिकुंडात जातात आणि जागा पुढच्याला मिळते. ‘पर्मनंट’ कबर ही ऐपतवाल्यांची गोष्ट. मग हेच करायला इंग्रजांना एवढं जड का जातंय?

धर्म आडवा येतोय म्हणावं, तर तसंही नाही. इंग्लंडातल्या गावोगावच्या चर्चच्या आवारात शेकडो वर्षं हेच चालत होतं. तीच जमीन पुन:पुन्हा खणली जाई, हाडं बाजूला होत. लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल फुगली आणि हा कारभार हाताबाहेर गेला. लंडनच्या एनन चॅपलच्या तळघरात वीसेक वर्षांत सुमारे १२ हजार मृतदेह कोंबले गेले आणि वर प्रार्थना चालू राहिल्या. पुढे त्याच जमिनीवर नाचाचे कार्यक्रमही झाले. १८३१-३२ च्या कॉलऱ्याने उरलीसुरली भीड मोडली. तोडगा निघाला तो ना चर्चकडून ना सरकारकडून. तो काढला भागभांडवली कंपन्यांनी. संसदेतून कायदा करून घ्यायचा, गावाबाहेर जमीन घ्यायची, शेअर विकायचे आणि मध्यमवर्गाला सांगायचं: इथे तुमच्या आईवडिलांना कुणी हलवणार नाही, जागा कायमची तुमची. लंडनची केन्सल ग्रीन दफनभूमी १८३३ मध्ये अशीच सुरू झाली.

म्हणजे थडग्याचं कायमपण ही काही प्राचीन परंपरा नव्हे. तो एकोणिसाव्या शतकातला विक्रीचा माल आहे, हे एकदा लक्षात आलं की आजच्या वादातली अर्धी हवा निघून जाते.

गावाबाहेरच्या दफनभूमीची कल्पना आली कुठून, असं विचारलं की सगळे पॅरिसच्या पेर लाशेझकडे बोट दाखवतात. ती १८०४ ची. पण त्याच्या ९३ वर्षं आधी, १७११ मध्ये, जॉन व्हॅनब्रू या नाटककार-वास्तुकाराने लंडनच्या नव्या चर्चसाठी एक टिपण लिहिलं. माणसं चर्चमध्ये पुरू नका, शहराच्या कडेला भिंत घालून, झाडं लावून, ऐसपैस स्मारकांची जागा करा, असं त्यात होतं. नमुना म्हणून सोबत चित्र जोडलं होतं, ते सुरतेच्या इंग्रज दफनभूमीचं! व्हॅनब्रू तरुणपणी, १६८३ ते १६८५, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. तिथलं सगळ्यांत दिमाखदार थडगं ऑक्सेंडन बंधूंचं, दुमजली आणि घुमटाचं. त्यातला जॉर्ज ऑक्सेंडन म्हणजे जानेवारी १६६४ च्या स्वारीत शिवाजी महाराजांच्या फौजेपुढे इंग्रजांची वखार लढवत बसलेला अध्यक्ष. तो १६६९ मध्ये सुरतेतच वारला. मोगली मकबऱ्यांशी स्पर्धा करायला उभारलेली ही थडगी पाहून एका इंग्रजाला लंडनच्या मढ्यांची सोय सुचली. व्हिक्टोरियन दफनभूमीच्या इतिहासात ही गोष्ट तळटिपेपुरती येते, याचं मला वाईट वाटतं.

ब्रिस्टलची आर्नोस व्हेल ही अशा कंपनी-दफनभूमीचं उत्तम उदाहरण. कायदा १८३७ चा, पहिलं दफन १८३९ चं, वास्तुकार चार्ल्स अंडरवुड, जमीन ४५ एकर. बाथ रोडवर डोरिक खांबांच्या दोन चौक्या, त्यांच्या मधून आत गेलं की जमीन तिन्ही बाजूंनी चढत जाते. पायथ्याशी एक चॅपल ग्रीक देवळाच्या थाटाचं, ते इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथीयांसाठी. दुसरं इटालियन घाटाचं, घंटेच्या मनोऱ्याचं, अँग्लिकन मंडळींसाठी. मेल्यावरही पंगती वेगळ्याच. चढावरच्या जागा महाग की खालच्या, हा हिशेब कंपनीला नीट ठाऊक होता: जे थडगं वाटेवरून दिसेल त्याला भाव.

आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर, या सगळ्या ग्रीक-इटालियन गर्दीत, एक बंगाली छत्री उभी आहे. बाथच्या पिवळट दगडाचे गुबगुबीत खांब आणि वर घुमटी. ही राजा राममोहन रॉय यांची समाधी. २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ स्टेपलटनला ते वारले. ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं तर मायदेशी मुलांच्या वारसाहक्काला बाध येईल, या धास्तीने त्यांना यजमानांच्याच बागेत एल्मच्या झाडांखाली ठेवलं होतं. दहा वर्षांनी, मे १८४३ मध्ये, द्वारकानाथ टागोरांनी त्यांना आर्नोस व्हेलला हलवलं. छत्रीचा आराखडा विल्यम प्रिन्सेपचा, म्हणजे ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या भावाचा. तीनच वर्षांनी द्वारकानाथही लंडनमध्ये वारले आणि केन्सल ग्रीनमध्ये विसावले. कंपनीची जमीन चर्चच्या आवारापेक्षा मोकळी होती. तिथे माणसाचा पंथ नंतर, पैसे आधी. ब्राह्मो समाजाच्या संस्थापकाला जागा मिळाली ती या व्यापारी उदारपणामुळे.

याच उतारावर मेरी कार्पेंटर आहेत. त्यांच्या वडिलांनी राममोहन यांच्यावर मृत्यूनंतरचं प्रवचन दिलं होतं. मेरीबाई स्वतः १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या, मुंबईतही राहिल्या, मुलींच्या शिक्षणासाठी आणि तुरुंगसुधारणेसाठी सरकारदरबारी खेटे घालून गेल्या. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रार्थना समाज निघाला. त्यांचा त्याच्याशी संबंध जोडायचा मोह टाळतो, पण हवा तीच होती. अमेरिकेत या दफनभूमींची चुलत भावंडं ‘रुरल सिमेटरी’ म्हणून ओळखली जातात. त्यातल्याच एकीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.

आता या लेखाचा खरा नायक, जॉन क्लॉडियस लाउडन. स्कॉटिश माळी, नियतकालिकांचा संपादक, बागकामाच्या कोशांचा कर्ता. चुकीच्या उपचारांनी उजवा हात गेला तरी डाव्या हाताने आणि लेखनिकांच्या मदतीने काम चालूच. ब्रिटनमधल्या झाडाझुडपांवर आठ खंडांचा ग्रंथ काढला आणि त्या पायी आयुष्यभराचं कर्ज करून ठेवलं. लग्नाची गोष्ट तर विलक्षण. १८२७ मध्ये निनावी छापलेली एक कादंबरी त्याला आवडली. एक ममी बाविसाव्या शतकात जिवंत होते, असं तिचं कथानक. त्यातल्या वाफेच्या नांगरावर तो खूश झाला आणि लेखक महाशयांना भेटायला गेला. ‘महाशय’ निघाले जेन वेब. १८३० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढे जेनबाई स्वतः बागकामाच्या नामांकित लेखिका झाल्या.

१८४३ मध्ये लाउडनने दफनभूमीची आखणी, लागवड आणि व्यवस्था यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात हळवेपणाला थारा नाही. खोली किती, मातीचा थर किती, निचरा कसा, गाडीवाट किती रुंद. दफनभूमी जमीनदाराच्या बागेसारखी दिसता कामा नये, ही त्याची पहिली तक्रार. दुसरी विलोवर. खाली झुकलेल्या फांद्यांचं रडकं झाड आणि त्याखाली थडगं हे चित्र त्या काळात घरोघरी होतं; लाउडनच्या लेखी अशी पसरट, पानं गाळणारी झाडं म्हणजे सावली, ओल आणि कुजकी हवा. त्यापेक्षा यू, सायप्रससारखी उभी, निमुळती, सदाहरित झाडं लावा. सावली कमी पडते, माती कोरडी राहते, वारा खेळतो आणि गांभीर्यही येतं. हा माणूस झाडाकडे आधी पंप म्हणून बघतो आणि मग प्रतीक म्हणून, म्हणून मला तो आवडतो. त्याच सुमाराला लंडनच्या ॲबनी पार्क दफनभूमीत लॉडिजेस या रोपवाटिकेने अडीच हजार जातींची झाडं-झुडपं वर्णक्रमाने, नावाच्या पाट्या लावून रचली. मृतांच्या गावात झाडांचा कोशच.

पण लाउडनची खरी धमक पुढे आहे. गरिबांसाठी रेल्वेलगत भाड्याच्या जमिनीवर तात्पुरत्या दफनभूमी करा आणि मुदत संपली की जमीन परत शेतीला द्या, असं त्याने छापून सांगितलं. बाकीच्यांबद्दल म्हणणं असं की एकदा भरलेलं थडगं पुन्हा उघडायचं नाही. मात्र सगळी जागा भरली की दफनं बंद करून, स्मारकं राखून, ती लोकांना बाग म्हणून खुली करायची. म्हणजे दफनभूमी हा बागेचा पहिला टप्पा. मुंबईत नेमकं उलटं झालं. शिवडीला कृषी-उद्यान संस्थेची वनस्पतीबाग होती, ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याला, आजच्या राणीच्या बागेत गेली.

लाउडन त्याच वर्षी डिसेंबरात, लेखन सांगता-सांगताच कोसळून गेला. पुरलं केन्सल ग्रीनमध्ये. त्याचं ऐकलं गेलं ते झाडांपुरतं. पैशाचं गणित कुणी बघितलं नाही.

ते गणित मुंबईकराला चटकन कळेल. कायमचं थडगं म्हणजे पागडीची खोली: रक्कम एकदाच, हक्क पिढ्यान्‌पिढ्या आणि छप्पर गळायला लागलं की मालकाकडे दुरुस्तीला दमडी नाही. जागा विकायला असेतो कंपन्या तरल्या. जागा संपल्या तशी मिळकत आटली. गवत मात्र दर उन्हाळ्यात वाढतच राहिलं. अग्निसंस्कार वाढले. आर्नोस व्हेलनेही १९२८ मध्ये चॅपलखाली दहनभट्टी बसवली, ती १९९८ मध्ये बंद पडली. त्याआधी, १९८० च्या दशकात मालकाच्या मनात जमिनीवर बांधकाम करायचं आलं आणि ब्रिस्टलकर रस्त्यावर आले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पालिकेने तर १९८७ मध्ये देखभालीचा खर्च टाळायला तीन दफनभूमी मिळून १५ पेन्सना विकून टाकल्या. चहाच्या कपाएवढीही किंमत नाही!

या हलगर्जीपणाचं फळ मात्र देखणं निघालं. कुणी गवत कापेना तेव्हा वाऱ्यावर आलेली ॲश आणि सिकमोरची बीजं थडग्यांच्या सांध्यांत रुजली. आज आर्नोस व्हेलच्या वरच्या उतारावर मनगटाएवढी मुळं कोरीव दगड उचलून धरतात, आयव्ही नावं झाकून टाकते, कोल्हे आणि बिज्जू यांची बिळं कबरींच्या मधोमध असतात. लाउडनने हे पाहिलं असतं तर संतापला असता. एकही रोप आखणीप्रमाणे नाही. पालिकेने २००३ मध्ये सक्तीने जमीन ताब्यात घेतली, लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे ४८ लाख पौंड आले, २०१० मध्ये जागा नव्याने खुली झाली. आता तिथे कॅफे आहे, झाडांखाली नव्या पद्धतीची दफनं होतात आणि चॅपलमध्ये लग्नं लागतात. लग्नाच्या भाड्यावर मृतांचा झाडलोटीचा खर्च भागतो. यावर नाक मुरडणाऱ्यांनी पर्याय सुचवावा.

आता पुनर्वापराकडे. लंडनच्या पालिकांना २००७ पासून याची परवानगी आहे आणि सिटी ऑफ लंडनच्या दफनभूमीत ते होतही आहे. शेवटच्या दफनाला ७५ वर्षं झालेली असावी लागतात. नोटीस लावतात, नातेवाइकाने हरकत घेतली तर २५ वर्षं हात लावता येत नाही. मग अस्थी काढून थडगं आणखी खोल खणायचं, त्या तळाशी पुन्हा ठेवायच्या आणि वर नवी पेटी. काही ठिकाणी तर जुना संगमरवर फिरवून मागच्या बाजूवर नवं नाव कोरतात. एका दगडाला दोन कुटुंबं, पाठीला पाठ लावून. विधी आयोगाला हीच मुभा सरकारच्या परवानगीने सगळीकडे न्यायची आहे. ती द्यावी. पणजोबांचं थडगं कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने त्यांच्या शांततेची चिंता वाहणं मला पटत नाही.

अडचण नातेवाइकांची कमी आणि मुळांची जास्त आहे. खोल खणायचं यंत्र आखीव हिरवळीवर चालतं. आर्नोस व्हेलच्या वरच्या उतारावर ते घातलं तर आधी जंगल जाईल. शिवाय ॲशच्या झाडांना २०१२ पासून ब्रिटनभर बुरशीच्या रोगाने घेरलंय, ती सुकताहेत. म्हणून परवानगीबरोबर दोन अटी घालाव्यात असं वाटतं: पुनर्वापर वाटेकडेच्या मोकळ्या पट्ट्यांपुरता, आणि प्रत्येक नव्या दफनाच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्याच दफनभूमीच्या झाडांसाठी वेगळ्या खात्यात. हा दुसरा भाग १८३७ च्या कायद्यातच हवा होता.