चांदीचा पिवळा थेंब

औषध ओळखणारा चांदीचा इलेक्ट्रोड पाहून ये, असे संपादकांनी सांगितले म्हणून साताऱ्याच्या एका महाविद्यालयात गेलो, आणि पहिला अर्धा तास घासकाम पाहत बसलो. संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातात पेन्सिलीएवढी कांडी होती. टोकाला काचेसारख्या कार्बनची ३ मिलिमीटर व्यासाची काळी टिकली, ज्वारीच्या दाण्याएवढी. मखमली पॅडवर ॲल्युमिनाचा ओला लेप, आधी १ मायक्रॉनचा, मग ०.३ आणि शेवटी ०.०५. कांडी सरळ उभी धरून आठचा आकडा गिरवत राहायचे. इंग्रजी आठ बरे का. आपला ८ इथे चालत नाही, त्याची टोके जुळतच नाहीत. कांडी जरा कलली की टिकलीची एक कड जास्त झिजते आणि पुढचे सगळे मोजमाप बिघडते.

चांदी म्हटल्यावर मला विट्याची आठवण आली. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभरच्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळतात. शोऱ्याच्या तेजाबात चांदी विरघळली की तिचे सिल्व्हर नायट्रेट होते. त्यात तांबे सोडले की पाणी निळे होते आणि चांदी करड्या भुकटीच्या रूपाने तळाशी बसते. प्रयोगशाळेच्या फळीवरच्या बाटलीतही तेच सिल्व्हर नायट्रेट. पण गलाईवाल्याला चांदी गोळा व्हायला हवी असते, आणि इथे ती गोळा झाली की दिवस वाया.

बर्फात गार केलेल्या सोडियम बोरोहायड्राइडमध्ये हे सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. पाणी पिवळे होते, कारण चांदीचे सुटे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश गिळतात. २० नॅनोमीटरच्या एका कणात सुमारे अडीच लाख अणू. पिवळ्याचे करडे झाले की कण एकमेकांना चिकटले, पुन्हा पहिल्यापासून.

हा पिवळा थेंब टिकलीवर सुकवायचा. मेट्रोनिडाझोल ही आपल्या ओळखीची जुलाबावरची गोळी. तिच्या रेणूतला नायट्रो गट ठरावीक ऋण विद्युतदाबाला इलेक्ट्रॉन घेतो आणि पडद्यावर प्रवाहाचा सुळका उठतो. त्याच्या जागेवरून औषधाचा अंदाज येतो, उंचीवरून प्रमाण कळते. चांदीमुळे ही देवघेव सोपी होते. प्रागच्या यारोस्लाव्ह हेरोव्स्कींनी १९२२ साली हेच पाऱ्याच्या थेंबावर केले आणि १९५९ चे नोबेल मिळवले. पारा विषारी खरा, पण त्याचा प्रत्येक थेंब कोरा करकरीत. घासायची भानगडच नाही.

इथे भानगडी पुष्कळ. हवेतला ऑक्सिजनही त्याच बाजूला इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून द्रावणातून आधी नायट्रोजन सोडत बसायचे. पॅरासिटामॉल मोजायचे तर दाब धन बाजूला न्यावा लागतो, आणि तिथे चांदी स्वतःच विरघळू लागते. औषध लघवीत शोधायचे तर तिथल्या क्लोराइडने चांदीवर पांढरा थर चढतो. शिवाय पैंजण काळे पडतात तशी हीही गंधकाने काळवंडते. आणि थेंब सुकतो तो बशीतल्या चहाच्या डागासारखा, कडेला दाट, मध्ये विरळ. म्हणून एकाच दिवशी केलेले दोन इलेक्ट्रोड जुळी भावंडे निघत नाहीत. रक्तातली साखर अशाच विद्युतप्रवाहाने मोजणारी पट्टी १९८७ मध्ये घराघरांत जाऊ लागली, कारण एक पट्टी दुसरीसारखीच निघेल अशी ती कारखान्यात छापता आली. औषध कंपन्या द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या लाखोंच्या एचपीएलसी यंत्रावर विसंबतात, तेही याच भरवशासाठी.

मला आणखी एक खटकते. शोधनिबंधांत बहुधा गोळी कुटून मोजलेली असते. तिच्यात किती मिलिग्रॅम औषध आहे, ते पाकिटावरच छापलेले असते! कृष्णेच्या गढूळ पाण्यात तोच सुळका किती उंच उठेल?

संध्याकाळी तीन इलेक्ट्रोडपैकी एकाचा सुळका बुटका आला. मुलीने तो आकडा वहीत तसाच लिहिला, शेजारी वेळ टाकली, आणि पॅड पुन्हा ओला करायला घेतला.