काठीची सावली आणि संगणकावरची प्रश्नमंजूषा

“दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?” असे कोणत्याही वर्गात विचारून पहा. “बरोब्बर डोक्यावर!” असे उत्तर एका सुरात येईल. मोठ्या माणसांना विचारले तरी बहुधा हेच ऐकायला मिळते. नाशिकपुरते बोलायचे तर हे उत्तर वर्षातल्या फक्त दोन दिवशी खरे असते आणि त्या दोन्ही दिवशी घड्याळात बारा वाजलेले नसतात, साडेबारा उलटून गेलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका शाळेतील शिक्षकांबरोबर मी याच विषयावर संगणकासाठी प्रश्नमंजूषा तयार केली. त्यासाठी ‘स्क्रॅच’ हे सॉफ्टवेअर वापरले. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते विनामूल्य आहे. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. त्यात पडद्यावरची चित्रे हलवता येतात, बोलती करता येतात आणि मुलाने काय उत्तर दिले त्यावरून पुढे काय घडावे हेही ठरवता येते.

आम्ही दहा प्रश्न केले, प्रत्येकाला चार पर्याय. उत्तर बरोबर आले की टाळ्या वाजत. चुकले की एक हत्ती धपकन पडे. मुले अगदी रंगून गेली. शेवटी जवळजवळ सगळ्यांना दहापैकी दहा गुण पडले आणि आम्हीही खूश झालो. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न तोंडी विचारला. उत्तर आले, “बरोब्बर डोक्यावर!”

आमचे काय चुकले?

मग आम्ही मुले नेमके काय करतात ते मागे उभे राहून पाहिले. काही जण टाळ्या ऐकू येईपर्यंत एकामागून एक पर्याय दाबत होते. काही जण तर मुद्दाम चुकत होते, कारण टाळ्यांपेक्षा हत्तीचे पडणे अधिक मजेचे होते! आमच्या सगळ्या कौशल्याचे बक्षीस चुकीच्या उत्तराला मिळत होते.

ही चूक फार जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात एक यंत्र बनवले होते. त्यात एक प्रश्न आणि चार कळा असत. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येऊ नये अशी सोय त्यात करता येई. अशा सोयीत विचार न करणाऱ्यालाही पुढे जाता येते, फक्त थोडा वेळ जास्त लागतो.

अंदाजाचेही गणित करून पहा. चार पर्यायांचे दहा प्रश्न नुसते डोळे मिटून सोडवले तरी सरासरी अडीच उत्तरे बरोबर येतात. एकही बरोबर न येण्याची शक्यता सहा टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे ‘दोन-तीन तरी आली’ यावरून मुलाला काय समजले ते आपल्याला काहीच कळत नाही.

आधी सावली नीट समजून घेऊ

नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर आहेत. वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंशांपासून उत्तरेला २३.४ अंशांपर्यंत सरकतो आणि परत येतो. याला सूर्याची क्रांती म्हणतात. ती २० अंश उत्तर झाली की नाशिकला मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे २० मेच्या सुमारास घडते आणि सूर्य परत फिरल्यावर २३-२४ जुलैच्या सुमारास पुन्हा घडते. एरवी मध्यान्ही सावली पडतेच. एक मीटर उंचीची काठी घेतली तर ती अशी पडेल :

२२ डिसेंबर : सुमारे ९५ सेंटीमीटर, उत्तरेकडे.
२१ मार्च : सुमारे ३६ सेंटीमीटर, उत्तरेकडे.
२१ जून : सुमारे ६ सेंटीमीटर, दक्षिणेकडे.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत, तर नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला मध्यान्ह सरासरी ३५ मिनिटे उशिरा होतो. ऋतूनुसार यात काही मिनिटांचा फरक पडतो.

आता शाळेचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. २० मेला उन्हाळ्याची सुट्टी असते. जून-जुलैत आकाश बहुधा ढगाळ असते. म्हणजे सावली नाहीशी झालेली किंवा दक्षिणेला गेलेली पाहण्याची संधी मुलांना शाळेत जवळजवळ मिळतच नाही. अ‍ॅनिमेशनचा खरा उपयोग येथे आहे. जे अंगणात दिसते ते पडद्यावर कशाला दाखवायचे? जे दिसायला हवे पण दिसत नाही, ते दाखवावे.

चुकीचे पर्याय विचारातून यावेत

दुसऱ्या वेळी आम्ही दहाऐवजी दोनच प्रश्न घेतले. पहिला असा : “२१ जूनला मध्यान्ही नाशिकमध्ये उभ्या काठीची सावली कुठे पडेल?” पर्याय तीन : उत्तरेला, दक्षिणेला, सावली पडणारच नाही.

यातला एकही पर्याय उगाच घातलेला नाही. ‘पडणारच नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात ‘दुपारी सूर्य डोक्यावर’ हे चित्र आहे. ‘उत्तरेला’ म्हणणाऱ्याने बहुधा हिवाळ्यातली सावली पाहिलेली आहे. त्याचे निरीक्षण खरे आहे, फक्त ते त्याने वर्षभराला लावले आहे. या दोन चुका वेगळ्या आहेत, तेव्हा त्यांना मिळणारा प्रतिसादही वेगळा हवा.

म्हणून हत्तीला रजा दिली. ‘पडणारच नाही’ हा पर्याय निवडला की पडद्यावर २० मे ही तारीख येते, सूर्य काठीच्या माथ्यावर जातो आणि सावली नाहीशी होते. मग अक्षरे येतात : “तू म्हणतोस तसे या दिवशी घडते. सूर्य अजून उत्तरेला सरकतो आहे. २१ जूनपर्यंत पहा.” ‘उत्तरेला’ म्हटले की २२ डिसेंबरची लांब सावली दिसते आणि ती आखडत आखडत जूनपर्यंत येते. बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तेच चित्र दिसते, टाळ्यांशिवाय.

दुसरा प्रश्न : “त्याच दिवशी, त्याच वेळी दिल्लीत?” दिल्ली सुमारे २८.६ अंशांवर, म्हणजे सूर्य पोचतो त्याच्याही उत्तरेला आहे. तेथे सावली उत्तरेलाच पडते, मीटरभर काठीची सुमारे ९ सेंटीमीटर. ‘जून म्हणजे दक्षिण’ असे पाठ करणारा येथे अडतो. दोन्ही उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता नऊत एक एवढीच उरते.

पडद्यावर उतरवताना

स्क्रॅचमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून आज्ञांची माळ करायची असते. रंगमंचाचा मध्य शून्य, डावी-उजवीकडे २४० आणि वर-खाली १८० एकके. काठी १०० एकके उंच घ्या आणि तिचे टोक बरोबर मध्यावर ठेवा. उजवीकडे उत्तर, डावीकडे दक्षिण.

‘कोन’ नावाचा एक चल तयार करा. कोन म्हणजे गावाच्या अक्षांशातून सूर्याची क्रांती वजा करून उरलेली संख्या. (दक्षिणेकडची क्रांती ऋण धरायची.) सावलीचे टोक आडव्या अक्षावर १०० गुणिले ‘टॅन कोन’ एवढ्या अंतरावर येते. सूर्यासाठी आडवे अंतर उणे १५० गुणिले ‘साइन कोन’ आणि उभे अंतर १५० गुणिले ‘कॉस कोन’ ठेवा. हे सारे ठोकळे स्क्रॅचमध्ये आहेत आणि कोन अंशांतच घेतात. जूनमध्ये कोन ऋण होतो आणि सावली आपोआप डावीकडे जाते. तिला वेगळे काही सांगावे लागत नाही. क्रांती थोडी थोडी बदलत नेली की सावली हलू लागते.

थोडी थोडी बदलणारी चित्रे भराभर दाखवली की डोळ्यांना हालचाल दिसते, एवढेच अ‍ॅनिमेशनचे मर्म. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचे चित्रण महिनाभर थोडे थोडे करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट बनवला, तो याच तत्त्वावर. एरवी डोळ्यांना न दिसणारी वाढ त्यात मिनिटाभरात दिसली. आपणही वर्षभराची सावली मिनिटाभरातच दाखवतो आहोत.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. उत्तर टाइप करायला सांगितले आणि मुलाने देवनागरीत ‘३६’ लिहिले, तर संगणक ते इंग्रजी अंकांतल्या छत्तीसशी जुळवत नाही आणि बरोबर उत्तर चूक ठरवतो. स्पेलिंगचे किंवा ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. म्हणून पर्यायांची चित्रे करून त्यांवर क्लिक करायला सांगणे बरे.

गुण नव्हे, निवडी मोजा

आम्ही गुण दाखवणे बंद केले. त्याऐवजी प्रत्येक मुलाची पहिली निवड एका यादीत साठवली. स्क्रॅचमध्ये यादीचीही सोय आहे. तास संपल्यावर शिक्षक ती यादी पाहतात. वर्गातली निम्मी मुले ‘पडणारच नाही’ म्हणत असतील, तर उद्याचा पाठ कुठून सुरू करायचा हे त्यांना कळते. पस्तीस मुलांच्या पस्तीस बेरजांनी ते कधीच कळले नसते.

आणखी एक सल्ला. प्रश्न, पर्याय आणि प्रत्येक पर्यायामागचा विचार आधी वहीत लिहून ठेवा. एके काळी अशा प्रश्नमंजूषा ‘फ्लॅश’ या सॉफ्टवेअरमध्ये होत. अनेक शिक्षकांनी त्यावर रात्री जागवल्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार कंपनीने काढून घेतला आणि त्या ब्राउझरमध्ये चालेनाशा झाल्या. ज्यांची वही होती, त्यांनी त्या दुसरीकडे पुन्हा उभ्या केल्या.

शेवटी सातवीतल्या एका मुलीची गोष्ट. चित्र संपल्यावर ती म्हणाली, “सर, पण सावली दक्षिणेला जाते हे संगणकात तुम्हीच भरलंय ना? तुम्ही उलटं भरलं असतं तर तसंच दिसलं असतं.” तिचे म्हणणे अगदी खरे होते. पडद्यावरचे चित्र म्हणजे पुरावा नव्हे, ते एक भाकीत आहे. जूनचे आकाश ढगाळ होते, म्हणून त्याच आज्ञावलीला आम्ही डिसेंबरची सावली विचारली आणि ९५ हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

२२ डिसेंबरला १२ वाजून ३३ मिनिटांनी मैदानात काठी रोवली. सावली उत्तरेलाच पडली. तिने पट्टीने मोजली, ती ९३ भरली. “दोन सेंटीमीटर कुठे गेले?” असे तिने विचारले आणि मग सगळी मुले ओळंबा लावून काठी सरळ आहे की नाही ते पाहू लागली.

तुमच्या गावाचे अक्षांश घालून हे जरूर करून पहा.