फाइल ‘थेट’ जाते, म्हणजे कुठून जाते?

वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती महामार्गावर आहे, त्यामुळे इथल्या फोटो स्टुडिओवाल्याला एक सोय आयती मिळालेली आहे. लग्नाचं शूटिंग हार्डडिस्कमध्ये भरायचं, ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती द्यायचं, आणि नागपुरात अल्बम करणाऱ्याने थांब्यावर जाऊन ते उतरवून घ्यायचं. ऐकणाऱ्याला हे मागासलेपण वाटतं, पण हिशेब करून पाहा. दोन कॅमेऱ्यांचं शूटिंग 100 जीबी धरा आणि ब्रॉडबँडचा अपलोड वेग सेकंदाला 20 मेगाबिट. एवढं वर चढवायला अकरा तास लागतात, तेही मध्येच लाइट गेली नाही तर. बस दोन तासांत पोहोचते. म्हणजे बसचा वेग झाला सेकंदाला 110 मेगाबिट.

बसमध्ये डिस्क हरवू शकते, आपटू शकते, भलत्याच्या हाती पडू शकते. म्हणून मग कुणीतरी सुचवतं, ‘पीअर-टू-पीअर वापरा ना, मधला सर्व्हरच नको.’ सुचवणाऱ्याच्या मनात शेअरइट असतं, ऐकणाऱ्याच्या मनात टोरंट येतं, आणि दोघंही पाठवतात व्हॉट्सअॅपवर. दोन यंत्रांनी मध्यस्थाशिवाय आपसात देवाणघेवाण करायची, एवढीच मूळ कल्पना. पण त्या एका नावाखाली वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी तंत्रं येतात, आणि एकाचे गुणदोष दुसऱ्याच्या माथी मारले जातात.

‘शेअरइट बंद झालं, आता ब्लूटूथशिवाय इलाज नाही’

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली 59 अॅपवर बंदी घातली. टिकटॉकबरोबर शेअरइट आणि झेंडरही त्यात गेली. बंदी त्या अॅपवर होती, तंत्रावर नव्हती. शेजारच्या फोनवर फाइल टाकताना या अॅपचं काम ब्लूटूथवर चालत नव्हतं, इंटरनेटवरही नाही. एक फोन छोटंसं वायफाय जाळं उभं करायचा, दुसरा त्याला जोडला जायचा. अँड्रॉइडमधलं क्विक शेअर आज तेच करतं: जवळचा फोन शोधायला ब्लूटूथ, फाइल न्यायला वायफाय. गूगलने ऑगस्ट 2020 मध्ये ते निअरबाय शेअर या नावाने आणलं आणि जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळून टाकलं. आयफोनवर एअरड्रॉप तर 2013 पासून आहे. एकाकडे आयफोन, दुसऱ्याकडे अँड्रॉइड किंवा लॅपटॉप असेल तर लोकलसेंड हे मोफत, मुक्त स्रोत अॅप दोन्हीकडे टाकावं. दोघं एकाच वायफायवर, नाहीतर एकाच्या हॉटस्पॉटवर आले की झालं. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी फाइल जाते.

‘व्हॉट्सअॅप म्हणजे थेट या फोनवरून त्या फोनवर’

नाही. तुम्ही फोटो पाठवता तेव्हा तो कुलूपबंद होऊन आधी व्हॉट्सअॅपच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून समोरच्याकडे. किल्ली दोन टोकांच्या फोनकडेच असते, त्यामुळे मधे वाचता येत नाही, पण मधला टप्पा असतोच. समोरच्याचा फोन बंद असतानाही संदेश जातो तो याचमुळे; न पोहोचलेला संदेश तिथे 30 दिवस थांबतो. गंमत अशी की, कॉल मात्र बऱ्याचदा खरोखर थेट जोडला जातो. त्यात समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळू शकतो म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये तो झाकण्याची सेटिंग आली. स्टुडिओवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण घरच्यांसाठी: फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तरच त्याचा मूळ दर्जा टिकतो, आणि एका फाइलची मर्यादा 2 जीबी आहे.

‘टोरंट म्हणजे चोरी’

या गैरसमजाला इतिहास आहे. 1999 मध्ये आलेल्या नॅपस्टरवर गाणी लोकांच्या संगणकावरच असायची, पण कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. कोर्टाने त्या यादीवरच बोट ठेवलं आणि 2001 मध्ये नॅपस्टर बंद पडलं. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने बिटटोरंट आणलं. त्यात फाइलचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधीच नोंदवलेला असतो, आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो लगेच तो इतरांना देऊ लागतो. मागणारे वाढले की सर्व्हर गुदमरतो. इथे उलट, घेणारे वाढले की देणारेही वाढतात. उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणाली अधिकृतपणे टोरंटवर मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह 2012 पासून आपल्या संग्रहातल्या वस्तूंचे टोरंट देतं.

चोरी तंत्रात नसते, फाइलच्या हक्कात असते. याला वर्धा जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. गांधीजी 1948 मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे होते, ते 1 जानेवारी 2009 पासून संपले. तेव्हा सेवाग्रामहून लिहिलेलं गांधीजींचं मूळ लेखन आज कुणीही टोरंटवर टाकावं, छापावं, वाटावं. (मराठी अनुवाद असेल तर थांबा, त्याचा हक्क अनुवादकाच्या हयातीवरून वेगळा मोजतात.) तिथून काही किलोमीटरवरच्या पवनारचे विनोबा मात्र नोव्हेंबर 1982 मध्ये गेले. ‘गीताई’ घरोघरी पाठ असली, तरी तिचा हक्क 2042 संपेपर्यंत शाबूत आहे. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं, एकच तंत्र, आणि एक फाइल कायदेशीर तर दुसरी नाही.

आता कायद्याबद्दलची दुसऱ्या टोकाची भीती. 2016 मध्ये बंद केलेल्या संकेतस्थळांवर अशी पाटी झळकू लागली की, ते पाहणंसुद्धा दंडनीय गुन्हा आहे. लोक हबकले. त्याच ऑगस्टमध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की, नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं हा आहे. हे वाचून ‘चला, सुटलो’ म्हणणाऱ्यांनी वरचं तुकड्यांचं वर्णन पुन्हा वाचावं. टोरंटवर चित्रपट उतरवताना तुमचा संगणक मिळालेले तुकडे त्याच क्षणी इतरांना देत असतो. म्हणजे तुम्ही घेता घेता वाटतही असता. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. स्टुडिओवाल्याने तर हे जास्तच मनावर घ्यावं, कारण लग्नाच्या व्हिडिओखाली घातलेलं सिनेमाचं गाणंही याच कायद्यात येतं.

‘सर्व्हर नाही म्हणजे कुणाला कळत नाही’

टोरंटमध्ये उलट सगळ्यांना दिसतं. त्या फाइलच्या देवाणघेवाणीत असलेल्या प्रत्येकाचा आयपी पत्ता बाकीच्यांना कळतो. तो कळल्याशिवाय तुकडा पाठवणार कुठे? आणि तुकड्यांचा ठसा जुळला म्हणजे फाइल निर्धोक आहे, असंही नाही. ज्याने टोरंट बनवलं त्याची फाइल जशीच्या तशी आली, एवढंच तो ठसा सांगतो. त्याने आत व्हायरस घातला असेल, तर तोही जशाच्या तसा येतो. ‘मोफत’ फोटोशॉप असंच घरात शिरतं.

‘सिंक लावलंय, बॅकअपची चिंता नाही’

धंद्यात सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. सिंकथिंग किंवा रेझिलिओ सिंक (दोन्ही 2013 पासूनची, दुसऱ्याचं तेव्हाचं नाव बिटटोरंट सिंक) दोन ठिकाणचे फोल्डर आपोआप सारखे ठेवतात, मधे कुणाचा ड्राइव्ह नाही, महिन्याचं भाडं नाही. सिंकथिंग तर पूर्ण मोफत आहे. पण ‘सारखे ठेवतात’ हे शब्दशः घ्या. इथे चुकून फोल्डर उडवला की तिथलाही उडतो. इथल्या फाइली खंडणीच्या व्हायरसने बंद केल्या की थोड्याच वेळात तिथल्याही बंद. म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची ‘फाइल व्हर्जनिंग’ ही सोय चालू करावी लागते, ती आपणहून चालू नसते, आणि शिवाय एक डिस्क वायर काढून कपाटात ठेवावीच लागते.

इथल्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या हिशेबनिसांना आणखी एक सूचना. टॅलीचा चालू डेटा फोल्डर असा जोडू नका. दुकानात एकाने आणि आर्वीला दुसऱ्याने एकाच वेळी नोंदी केल्या की सिंकथिंग एक फाइल ठेवतं आणि दुसरीची ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची प्रत बाजूला काढतं. हिशेबाच्या डेटात अशा दोन प्रती झाल्या की कुठली खरी हे शोधताना जीएसटीची तारीख टळते. टॅलीतून रोज बॅकअप घ्या आणि ती बॅकअप फाइल सिंक करा.

फोनवर सिंकथिंग शोधाल, तर त्याचं अधिकृत अँड्रॉइड अॅप डिसेंबर 2024 नंतर थांबलेलं आहे. संगणकावर मात्र ते उत्तम चालतं.

‘पीअर-टू-पीअर ऑफिसात नको’

बहुधा ते आधीच आहे. विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टचे अपडेट ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ने शेजारच्या संगणकांकडूनही घेता येतात. सेवा केंद्रात पाच संगणक असतील तर पाच वेळा डाउनलोड कशाला? अपडेटच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त स्थानिक जाळ्यातले संगणक’ ठेवा, इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांना देणं बंद करा. सेवा केंद्रात खरी गळती वेगळीच असते: लोकांनी पाठवलेली आधार कार्डं ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात. फाइल कुठल्या मार्गाने आली, याने तिथे काही फरक पडत नाही.

राहिला वेगाचा प्रश्न. थेट पाठवल्याने तुमची अपलोडची नळी रुंद होत नाही. त्यातही मोबाइल डेटावर आणि बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडवर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, मग दोन संगणकांची थेट गाठच पडत नाही. सिंकथिंग अशा वेळी स्वयंसेवकांच्या रिले सर्व्हरमार्फत फाइल नेतं. ती कुलूपबंद असते, पण मुंगीच्या पावलांनी जाते. स्टुडिओला मी म्हणेन, कच्चं शूटिंग बसनेच जाऊ द्या, डिस्कवर पासवर्ड घालून आणि एक प्रत दुकानात ठेवून. निवडलेले फोटो, अल्बमची पानं, दुरुस्त्या असं रोजचं चार-पाच जीबीचं येणं-जाणं सिंकथिंगवर टाका. पाठवण्याचा फोल्डर आपल्याकडे ‘सेंड ओन्ली’ ठेवला की नागपूरच्या चुका इकडे येत नाहीत. आणि नवरीच्या पुण्यातल्या मावशीला व्हिडिओ द्यायचा असेल, तर पीअर-टू-पीअरच्या नादी लागू नका. त्यासाठी दोन्हीकडची यंत्रं एकाच वेळी चालू लागतात, आणि मावशी लॅपटॉप उघडणार रात्री अकराला, दुकानाचं शटर पडल्यावर. तिला ड्राइव्हची लिंक पाठवा.