सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, मोबाईलवरून एकच माहिती आली. बाकीच्यांचं काय होतं?

कणकवलीजवळच्या एखाद्या वाडीतला सातबारा काढून बघा. जमीन दहा-बारा गुंठे आणि खातेदारांच्या नावांची ही मोठी रांग. काका, आत्या, मुंबईतले चाकरमानी, लग्न होऊन देवगडला गेलेल्या बहिणी. त्याखाली इतर अधिकारात कूळ, नाहीतर कर्जाचा बोजा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाईलवरून आंबा, काजू, भाताची नोंद फोटोसह करतो. येते ती फक्त पिकाची माहिती आणि तिची जागा गाव नमुना १२ मध्ये. नमुना ७ मधल्या नावांना तिचा धक्का लागता कामा नये.

अपेक्षा साधी आहे. पण कोणत्याही ॲपमध्ये ती पूर्ण करताना प्रोग्रामरला नीट विचार करावा लागतो.

डिसिरियलायझेशन म्हणजे काय?

मोबाईल आणि सर्व्हर एकमेकांना माहिती पाठवतात ती बहुतेक वेळा मजकुराच्या रूपात. ‘जेसन’ हा त्यातला सगळ्यात चालणारा प्रकार. आलेला मजकूर वाचून प्रोग्राम त्यातून मेमरीत ऑब्जेक्ट, म्हणजे रकाने असलेली एक नोंद तयार करतो. याला म्हणतात डिसिरियलायझेशन.

नेहमीच्या पद्धतीत ही नोंद नवीकोरी असते. जे आलं ते भरलं, जे आलं नाही ते रिकामं. ही नोंद जुन्या नोंदीच्या जागी सेव्ह केली तर? पीक नीट चढेल, पण मालकांचा रकाना कोरा होईल.

म्हणून दुसरी पद्धत वापरतात. जुनी नोंद आधी डेटाबेसमधून काढायची आणि आलेली माहिती तिच्यातच भरायची. हेच मर्ज. जावाच्या ‘जॅक्सन’ लायब्ररीत ही सोय आहे. डॉट नेटमध्ये न्यूटनसॉफ्टच्या लायब्ररीत ती आधीपासून होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डॉट नेट ८ मध्ये ती फक्त नोंदीच्या आतल्या रकान्यांपुरती अंगची झाली.

घोळ कुठे होतो?

तीन ठिकाणी.

पहिलं, ‘आलंच नाही’ आणि ‘रिकामं आलं’ यातला फरक. बोजाबद्दल मजकुरात काहीच नसेल तर बोजा तसाच राहायला हवा. पण ‘बोजा: नल’ असं आलं तर तो काढायचा आहे. ऑक्टोबर २०१४ च्या ‘आरएफसी ७३९६’ या मानकाचा नियम हाच आहे. दोन्हींना एकच समजणारा प्रोग्राम एकतर नको ते पुसतो, नाहीतर हवं ते पुसूच देत नाही.

दुसरं, रकान्याच्या पोटातले रकाने. पत्त्यात वाडी, गाव, पिनकोड आहे आणि तुम्ही फक्त पिनकोड पाठवला. मर्ज वरवरचं असेल तर अख्खा पत्ता बदलतो आणि उरतो नुसता पिनकोड. जॅक्सनमध्ये आपोआप होतं ते असंच वरवरचं. आतपर्यंत मर्ज हवं असेल तर तसं सांगावं लागतं. त्यासाठीची खूण २०१७ च्या २.९ आवृत्तीत आली.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, यादी. समजा पाच खातेदार आहेत आणि मजकुरात एकच नाव आलं. आरएफसी ७३९६ प्रमाणे पूर्ण यादी बदलते, म्हणजे पाचाचा एक होतो. न्यूटनसॉफ्ट काही वेगळं सांगितलं नाही तर जुन्या यादीला नवी जोडतं. तिथे जुनी पाच नावं आणि एक नवं पाठवलं, तर यादी होते अकरा नावांची!

फेरफाराची पद्धत

महसूल खात्याकडे यावर फार जुना उपाय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० खाली बदलाची नोंद आधी गाव नमुना ६ मध्ये होते. त्यात नवी यादी नुसती चिकटवत नाहीत. कोणाचं नाव कमी करायचं, कोणाचं दाखल करायचं, कशाच्या आधारे, हे लिहितात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

एप्रिल २०१३ चं ‘जेसन पॅच’ हे मानक याच वळणाचं आहे. त्यात माहितीबरोबर क्रियाही येते: जोडा, काढा, बदला. शिवाय ‘तपासा’ अशीही क्रिया आहे. जुनी किंमत अपेक्षेप्रमाणे नसेल तर सगळेच बदल रद्द.

जिथे एका नावावर कोणाचा तरी हक्क टिकून आहे, तिथे यादी आपोआप मर्ज होऊ देऊ नये. काय करायचं ते स्पष्ट सांगावं.

आणि तुम्ही प्रोग्रामर नसाल तर? कुठल्याही ॲपमध्ये एक रकाना बदलला की बाकीचे रकाने एकदा नजरेखालून घाला. सातबाऱ्याच्या बाबतीत तर नक्कीच. लेखनातली चूक दिसली तर संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करून घेता येते, पण त्यासाठी ती आधी कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.